जामीन राहू नकोस

चि. बाळास,

लोदहून आईचे अनेक आशीर्वाद.

परवा जाताना तू नीट बोलला नाहीस. फोनवर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसले. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, ते एका अर्थी बरंच आहे. तेवढा वेळ तुला मला मध्ये तोडता येणार नाही.

एलुल महिना लागला की तू रोश येशिवा, तोरा शिकवणाऱ्या पाठशाळेचा मुख्य गुरू. शेजारणींना सांगून झालं, दिमोनाच्या मावशीला सांगून झालं, भाजीवाल्यालाही सांगितलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण कोथिंबीर फुकट दिली. कोकणात आपल्या बेने इस्राएल लोकांत रब्बी नव्हताच रे. प्रार्थना म्हणणारा हज्जान असायचा, नाहीतर कोचीनहून कुणी शिकवायला यायचं. इथे इस्राएलला आल्यावर दादामामा लग्न नोंदवायला गेला तर त्याला विचारलं, आईची आई कोण, तिची आई कोण. मग तो यरुशलेमला धरण्याला बसला. 1964 साली क्नेसेतने, इथल्या संसदेने, ठराव केला, की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. ठाण्याला ते पत्र आलं तेव्हा माझी आजी म्हणाली, "बरं झालं, त्यांना कळलं." आणि आता तिचाच पणतू मुलांना तल्मूदातली गमारा शिकवणार. बाबा असते तर ठाण्याच्या शाआर हशामाईम सिनेगॉगच्या पायरीवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवलं असतं.

पण तो बँकेचा कागद. त्यावर सही करू नकोस.

नाही लिहायचं असं ठरवलं होतं. आलंच.

रोश येशिवाने नुसता शिऊर, म्हणजे पाठ, द्यायचा असता तर मला काळजी नव्हती. पुरीम सणाच्या आधी आले होते तेव्हा बायकांच्या बाजूच्या जाळीतून मी बघत होते. मुलं जोडीजोडीने समोरासमोर बसून एकमेकांवर ओरडत होती, एक तर टेबलावर मूठ आपटत होता. मला वाटलं भांडण लागलं. सूनबाई हसून म्हणाली, "हावरुता आहेत, असाच अभ्यास करतात." तू आत आलास आणि सगळे उठून उभे राहिले. तुझ्या कोटाची उजवी बाही कोपरावर पार चकाकत होती. तो कोट बदल.

जेवताना तू फोन घेऊन गच्चीत गेलास. चिकनवाला होता ना? "पुढच्या महिन्यात नक्की" असं तू दोनदा म्हणालास. परत येऊन बसतोस तर लष्करात गेलेल्या मुलाचा फोन. वरण तसंच गार झालं. स्वयंपाकघराचं बिल, वीज, अव्रेखीमचा, लग्न झालेल्या विद्यार्थ्यांचा, महिन्याचा भत्ता, कुणाचं लग्न जमवायचं, कुणाला रात्री झोप येत नाही, सगळं तुझ्याच दारात. सरकारचे पैसे मुलांच्या संख्येवर मिळतात, आणि तेवढ्यात भागत नाही, हे तूच सांगतोस. मग उरलेलं कुठून आणायचं? तिथे ते तुझी सही मागतात.

तू पोनेवेझ येशिवाच्या रब्बी कहानेमानांचं उदाहरण देतोस. लिथुआनियात सगळं गेलं, तरी 1944 मध्ये ब्नेई ब्राकला पुन्हा येशिवा सुरू केली, जगभर फिरून पैसा उभा केला. मान्य. फिर तूही. अमेरिकेला जा, मुंबईला जा, दारोदार जा, मागण्यात कमीपणा नाही. पण दान मागणं वेगळं आणि जामीन राहणं वेगळं. रब्बीला शिकवते म्हणून हसशील, तरी मिश्लेचा, नीतिसूत्रांचा, सहावा अध्याय काढ. आळशाला मुंगीकडे पाठवायच्या आधी शलोमो राजा काय म्हणतो? माझ्या मुला, शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, हरणासारखी स्वतःची सुटका कर. मुंगी सगळ्यांच्या लक्षात राहते.

पाटल्यांचं तुला माहीत आहे. बाबांनी कुणासाठी सही केली तेही माहीत आहे. त्यांनी आयुष्यभर त्या माणसाचं नाव वाईट घेतलं नाही, हप्ते तेवढे भरले. तू त्यांच्यावरच गेला आहेस, हे मला लहानपणापासून दिसतंय. ठाण्याच्या शाळेत स्वतःचा डबा वाटून उपाशी यायचास आणि विचारलं की म्हणायचास, भूक नव्हती. मी रागवायचे. मग रात्री बाबांना कौतुकाने सांगायचे.

फार बोलले. तुझ्या खांद्यावर किती मुलं आहेत ते मला कळतं, आणि तू येशिवा बंद पडू देणार नाहीस हेही कळतं. माफ कर.

रविवारी मी बसने येते. तुझ्या नावाने एलियाहू हनाबीला मलिद्याचा नवस बोलले आहे, पोहे भिजवायला मोठं पातेलं सूनबाईला काढून ठेवायला सांग, नारळ मी आणते. रोश हशानाच्या, नव्या वर्षाच्या, हलव्यासाठी गव्हाचा चीकही मीच काढीन, तिला सांग घाई करू नकोस. आणि तो कागद मी येईपर्यंत टेबलावरच राहू दे. मला एकदा वाचून दाखव, माझं हिब्रू अजून दुकानापुरतंच आहे.

तुझी,
आई