मिठावर न उमटलेली पावलं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

‘स्टार वॉर्स’चा ‘द लास्ट जेडाय’ बघून आपण बाहेर पडलो त्या रात्री तू आनंदाने बोलत सुटला होतास आणि मी घरी येईपर्यंत गप्प होते. तू खोदून खोदून विचारलंस तेव्हा एवढंच म्हणाले, की यांनी माझ्या ल्यूकचं मातेरं केलं. तुझा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तू हॉस्टेलला गेलास आणि ते बोलणं तसंच अर्धवट राहिलं. काल मी एकटीच जाऊन सिनेमा पुन्हा पाहिला. म्हणून हे पत्र.

आधी माझा राग कुठला ते सांगते. ‘स्टार वॉर्स’चा 1977 चा पहिला भाग मी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, तुझ्याहून लहान असताना. वाळवंटातला एक मुलगा, ल्यूक, मावळणाऱ्या दोन सूर्यांकडे बघत उभा राहतो, जॉन विल्यम्सचं संगीत चढत जातं, बस, एवढंच. इथून जायचंय, पण कुठे ते कळत नाही, ही माझ्या त्या वयातली तगमग कुणीतरी पडद्यावर आणली होती. 1980 च्या भागात त्याला कळतं, की ज्याचा द्वेष केला तो डार्थ व्हेडर आपला बाप आहे. आणि 1983 मध्ये त्याच बापाला मारायला तो नकार देतो, सम्राटासमोर हातातलं लाइटसेबर, ती प्रकाशाची तलवार, फेकून देतो. माझ्या मनात ल्यूक इतकी वर्षं तिथेच उभा होता, रिकाम्या हातांनी.

या सिनेमात तो माणूस झोपलेल्या भाच्यावर, पुढे खलनायक होणाऱ्या कायलोवर, लाइटसेबर उगारतो! क्षणभरच, पण उगारतो. मग एका बेटावर तोंड लपवून बसतो. व्हेडरमधला चांगुलपणा ज्याला दिसला, त्याला सख्ख्या बहिणीच्या मुलातला दिसू नये, हे मला सहन होईना.

काल जाण्याआधी मी 1983 चा भाग परत लावला. व्हेडर ल्यूकच्या बहिणीचा, लेयाचा विषय काढतो, तिला आपल्या बाजूला वळवीन म्हणतो, आणि ल्यूक अंधारातून ओरडत झेपावतो. वारांवर वार करतो, बापाचा हात तोडतो. त्या हाताच्या जागी उरलेल्या तारा बघतो, मग हातमोज्यातला आपला स्वतःचा यांत्रिक हात बघतो, आणि तेव्हा कुठे थांबतो. शस्त्र टाकणं त्यानंतरचं. मी टाकणं तेवढं जपून ठेवलं आणि आधीचे वार विसरून गेले. जिवाभावाच्या माणसांवर संकट दिसलं की याचा हात आधी उठतो, भान मागून येतं. तो पहिल्यापासून असाच आहे. भाच्यावर हात उगारला तेव्हाही भान आलं, पण तोवर पोराचे डोळे उघडले होते.

ल्यूकचा म्हातारा गुरू योडा येतो ते दृश्य मला काल वेगळंच लागलं. मधल्या काही भागांतला कॉम्प्युटरवरचा योडा मला कधी आपला वाटला नव्हता. इथे पुन्हा बाहुली आहे, जुन्या साच्यांवरून केलेली, आणि तिच्यात जीव ओतणारे पुन्हा फ्रँक ऑझच. आपल्या चुकाही शिष्याच्या हाती द्याव्यात, त्याने आपल्या पुढे जावं हेच गुरूचं ओझं, असं तो ल्यूकला समजावतो. ‘शिष्यादिच्छेत् पराजयम्’ मी लहानपणापासून ऐकत आले. ती इच्छा धरताना गुरूच्या मनाला काय होत असेल, याचा विचार कधी केला नव्हता.

आणि मग ते मिठाचं मैदान. पांढऱ्या थराखाली लाल. कायलोचा पाय घासला की लाल रेघ उमटते, ल्यूकच्या पायाखाली काहीच उमटत नाही. तू हे पहिल्याच वेळी पाहिलंस. ‘आई, पाय बघ,’ असं माझ्या कानात कुजबुजलास आणि मी रागाच्या भरात तुला गप्प केलं. काल मी नुसते पायच बघत होते. ल्यूकच्या हातातलं निळं लाइटसेबरही तेच, जे त्याच्याकडे शिकायला आलेली रे आणि कायलो यांच्या ओढाताणीत आपल्या डोळ्यांदेखत दुभंगलेलं. तो तिथे नाहीच. बेटावर बसून नुसत्या मनाच्या बळावर तो कायलोच्या अख्ख्या सैन्याला थोपवून धरतो, कुणालाही न मारता. फोर्स, म्हणजे या कथेतली ती अदृश्य शक्ती, रक्षणासाठी असते, हल्ल्यासाठी नाही, हे योडाने त्याला 1980 मध्ये शिकवलं होतं. माझा रिकाम्या हातांचा ल्यूक मला तिथे परत भेटला.

लेयाच्या कपाळावर तो ओठ टेकवतो तेव्हा मी दोन्ही वेळा रडले. लेया झालेली कॅरी फिशर आपलं काम पुरं करून डिसेंबर 2016 मध्ये गेली, सिनेमा लागला त्याच्या वर्षभर आधी. नंतर बेटावर पुन्हा दोन सूर्य, पुन्हा तेच संगीत. मी कॅसेटवर पाहिलेला तो मुलगा तेच बघत बघत नाहीसा झाला.

ते बेट खरंखुरं आहे बरं का. आयर्लंडजवळचं स्केलिग मायकल. मध्ययुगात तिथे ख्रिस्ती भिक्षू दगडी खोपट्यांत राहत. तिथल्या पफिन पक्ष्यांवरूनच सिनेमातले तुझे लाडके गुबगुबीत पक्षी, ते पोर्ग, सुचले.

या सिनेमात रेचे आईबाप कुणी बडे नव्हते, दारूच्या पैशासाठी पोर विकणारी माणसं होती, हे मात्र मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. नुसत्या रागामुळे तुला ते सांगायचं राहिलं. फोर्स एका घराण्याच्या मालकीची नाही, हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

कॅसिनोचं प्रकरण मला अजूनही लांबलेलं वाटतं. 152 मिनिटांतली कितीतरी तिथे खर्ची पडली आणि रेच्या मित्राच्या, फिनच्या वाट्याला शेवटी फार थोडं आलं. तुला हे मान्य नाही, ठाऊक आहे. सुट्टीत आलास की 1983 चा भाग एकत्र बघू, हात तुटतो तिथे मला तुला थांबवून दाखवायचंय. आणि त्या रात्री तू जे बोलत सुटला होतास, ते मला पहिल्यापासून सगळं ऐकायचंय.

तुझी,
आई