माझ्या मुंडावळ्यांना हात लावणाऱ्या सगळ्यांचे आभार

लग्नातल्या मुंडावळ्या, शेला आणि अंतरपाट मी घरीच सजवले. विकतचं सगळं परवडणारं नव्हतं, आणि मला ते हातचंच हवं होतं. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, अशा माणसांमुळे ते जमलं.

भुलेश्वरचे लेसवाले काका, ताग्याच्या शेवटी उरलेली जरीची लेस तुम्ही अगदी थोडक्या पैशांत दिलीत. वर "शेल्याला जड लेस लावू नकोस, खांद्यावरून घसरेल" असंही सांगितलंत.

विरार लोकलच्या लेडीज डब्यातल्या ताई, तुमचे उपकार सर्वात मोठे. मी मोती साध्या दोऱ्यात ओवतेय हे पाहून तुम्ही पिशवीतून तंगूसाचं, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याचं, रीळ काढलंत. तंगूसाची गाठ सुटते म्हणून तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. कपाळावरच्या पट्टीला बारीक, हलके मोती घ्यायचे आणि मोठे मोती दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सरांना. बांधायची नाडी मात्र सुतीच, कारण रेशमी नाडी केसांवरून सरकते. बोरिवलीला उतरता उतरता म्हणालात, "नवरदेवाच्याही तूच कर गं." केल्या, ताई! त्याच्या आईला फार आवडल्या.

दादरच्या फुलबाजारातल्या मावशी, गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगून वर अबोलीची वेणी तशीच हातात दिलीत. आणि अंतरपाटावर कुंकवाचं सुबक स्वस्तिक काढून देणाऱ्या शेजारच्या चाळीतल्या आजी, तुम्हाला नमस्कार.

मुंडावळ्या आता माझ्या मामेबहिणीकडे जातायत. तिचं लग्न वैशाखात आहे.