आधी दारातल्या माणसांकडे बघा

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यातून शाळा, दवाखाने उभे राहतात, हे चांगलेच. पण लोअर परळला गिरण्यांच्या जागी आलेल्या काचेच्या इमारतींच्या दारात कंत्राटी सुरक्षारक्षक तासन्‌तास उभे दिसतात. बसायला साधे स्टूलही नसते. सफाईच्या मावशी जिन्याखाली डबा खातात. केरळने २०१८ मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. आपल्या कंपन्यांनी कायद्याची वाट कशाला पाहावी? खुर्ची, जेवायला जागा, वेळेवर पूर्ण पगार एवढे तरी द्यावे. आणि ठेकेदाराने भविष्य निर्वाह निधी भरला नाही, तर तो मूळ कंपनीनेच भरावा.

– एक वाचक, लालबाग, मुंबई