मिरचीची रोपं आणि घरची कौलं

किचनर, ऑंटारियो
२६ एप्रिल

ती. आई, बाबा आणि आजीस
शि. सा. नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं, तेव्हा आई, फोनवर आवाज बसलेला वाटला म्हणून रात्र जागू नकोस. नोकरी नेहमीसारखीच.

मिरचीचं बी रुजवायला घेतलेल्या विजेच्या चटईला आग लागेल असं तुझ्या मनाने घेतलंय. अगं, ती रोपांसाठीच मिळते. वीसेक वॅटची, देवघरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाहूनही कमी वीज खाते. हात ठेवला तर नुसती कोमट लागते. मिरची रुजायला माती २५ ते ३० अंश हवी. माझी खोली २० अंश, आणि ओली माती त्याहून गार. पेडण्यात बी टाकलं की उगवतं, इथे ऊब विकत घ्यावी लागते. कोंब दिसले की चटई काढायची आणि वर दिवा लावायचा, दिवसाला १४ तास तरी. नाहीतर रोपं उंच, फिकट, लेचीपेची होतात. कोथिंबीर गारव्यातच बरी येते, तिला चटई लावलीच नाही. बाबा, मिरचीचं बी इथल्या दुकानातलं आहे, पण आपल्या गोव्यातल्या खोला गावच्या मिरचीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं हे मी सगळ्यांना सांगते.

आजी, तुळसही आली. पहिली दोन पानं गुळगुळीत होती, नंतरच्यांना कडेला दाते आले. बोटाने चोळलं तर वास अगदी आपल्या वृंदावनातला. किती वेळ बोट नाकाशीच धरून बसले होते.

इथली एक रीत मात्र ऐका. रोपं तयार झाली तरी थेट बाहेर लावत नाहीत. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी दोन तास. मग थोडं ऊन. संध्याकाळी ट्रे उचलून पुन्हा घरात. असं आठ-दहा दिवस! तान्ह्या बाळाला कोवळं ऊन दाखवतात ना, तसं. घरात वाढलेल्या पानांना एकदम ऊन लागलं तर ती पांढरी पडून करपतात, आणि वारा न खाल्लेलं देठ वाकतं. शेजारच्या बाई तर राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाची सुट्टी झाल्याशिवाय, म्हणजे मेचा शेवट आल्याशिवाय, मिरची जमिनीत लावतच नाहीत. बाबा, इथे मे अर्धा सरेपर्यंत दंव पडू शकतं.

कौलं चाळायचे पैसे बाबांच्या खात्यात टाकलेत. पावसाआधी उरकून घ्या, माझ्या येण्याची वाट बघू नका. दादाच्या साखरपुड्याला येणं जमत नाही. रजा डिसेंबरातच मिळेल. वहिनीला साडी तुम्हीच घ्या, चांगली भारी, माझ्याकडून म्हणून. डिचोलीच्या मुलाचा फोटो पाहिला. माणसं चांगली वाटतात, पण माझे इथले कागद होईपर्यंत मला हो म्हणवत नाही. त्यांना ताटकळत ठेवू नका. आई, रागावू नकोस गं.

आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. मी जवळ नाही, दादाला रजा काढायला सांगा. ऑपरेशनचे पैसे मी वेगळे पाठवते, कौलांच्या पैशांना हात लावू नका.

तुमची
बाय