काँटेसाच्या एसीचे सदोष काम आणि कंप्रेसर बदलण्याचा अनाठायी आग्रह

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझी १९९४ सालची काँटेसा क्लासिक एप्रिलमध्ये आपल्या नागपूरच्या वर्कशॉपला एसीच्या कामासाठी दिली होती. मूळ यंत्रणा आर-१२ गॅसवरची. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारामुळे तो गॅस बंद झाला, म्हणून आर-१३४ए वर जाणे भागच होते. काउंटरवर ‘पूर्ण कन्व्हर्जन’ सांगितले, पैसेही त्याचेच घेतले. प्रत्यक्षात जुन्या यंत्रणेत नवा गॅस कोंबण्यापलीकडे काहीही झालेले नाही.

वर्धा रोडला गाडी पळत असते तोवर हवा बरी गार येते. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबले की कोमट वारा सुरू, शिवाय टेंपरेचरचा काटा वर सरकतो तो वेगळाच. ही तक्रार घेऊन आलो तेव्हा आपल्या मेकॅनिकने गेज लावले, “कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला साहेब” म्हणाला आणि २८,००० रुपयांचे इस्टिमेट हातात ठेवले.

आता त्यानेच जॉबकार्डवर लिहिलेले आकडे पाहा. लो साइड, म्हणजे कंप्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब, ६५ पीएसआय; हाय साइड, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब, ३६०. कंप्रेसर खरोखर गेला असता तर लो वर चढला असता आणि हाय खाली आला असता. इथे दोन्ही काटे वर आहेत. याचा अर्थ गॅस जास्त झालाय, आत हवा राहिलीय किंवा कंडेन्सरची, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या समोरच्या जाळीची, उष्णता बाहेर पडत नाहीये. ३६० पीएसआय दाब देणाऱ्या कंप्रेसरला मेलेला ठरवायचे म्हणजे कमालच आहे. मी तिथेच गाडी धुण्याचा पाइप मागून घेतला आणि कंडेन्सरवर पाणी मारायला लावले. बघता बघता हायचा काटा उतरला, आत गार हवा येऊ लागली. त्यावर उत्तर मिळाले, “पाण्याने तर होणारच.” अहो, तेच तर मी सांगतोय!

गॅस जास्त कसा झाला, हेही आपल्या बिलातच आहे. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१२ चे वजन ९०० ग्रॅम लिहिले आहे. १३४ए साधारण त्याच्या ८० ते ८५ टक्के भरतात, म्हणजे फार तर पावणेआठशे ग्रॅम. बिलात ४५० ग्रॅमचे तीन डबे आहेत. ड्रायरच्या (गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या बाटलीच्या) काचेतले बुडबुडे जाईपर्यंत आपला माणूस गॅस सोडत होता. आर-१२ च्या जमान्यात ही खूण चालायची. १३४ए मध्ये गॅस पुरेसा असूनही बुडबुडे दिसू शकतात, म्हणून तो वजन करूनच भरायचा असतो. वजनकाटा मात्र मला कुठे दिसला नाही.

त्या ड्रायरबद्दलही थोडे. बिलात ‘ड्रायर नवीन’ असे लिहून रक्कम लावली आहे. घरी बॉनेट उघडून टॉर्च मारला, तर बाटली तीच. क्लॅम्पच्या स्क्रूच्या खाचेत गंज जसाच्या तसा, त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकल्याची साधी चकाकीही नाही. नट आणि बाटलीच्या मध्ये जुनी तेलकट धूळ घट्ट बसलेली. फोटो सोबत जोडले आहेत. या लबाडीचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

बिलात कंप्रेसरच्या ऑइलचा उल्लेखच नाही. आर-१२ चे मिनरल ऑइल १३४ए मध्ये मिसळत नाही, ते फिरून कंप्रेसरकडे नीट येत नाही. म्हणजे आज धडधाकट असलेला कंप्रेसर उद्या याच कामामुळे जाम होईल, आणि आपले इस्टिमेट तयारच आहे.

“जुनी गाडी आहे, चालायचंच” हे वाक्य कृपया आता नको. यातली एकही चूक गाडीच्या वयाची नाही.

माझी मागणी अशी: सगळा गॅस काढून लाइन फ्लश करा, १३४ए ला चालणारे एस्टर ऑइल घाला, ड्रायर खरोखर बदला, जोडांतल्या रबरी ओ-रिंग नव्या टाका, लाइनमधली हवा ओढून व्हॅक्युम करा, तो टिकतो का ते माझ्यासमोर तपासा आणि गॅस वजन करून भरा. एवढे करूनही सिग्नलला दाब चढला तर कंडेन्सर आणि पंख्याचे बघू, तो खर्च मी देईन. बाकीचे काम विनामूल्य व्हावे. ते जमत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाईन. जॉबकार्ड, बिल आणि इस्टिमेटच्या प्रती जोडल्या आहेत.

कळावे,
आपला ग्राहक,
नागपूर