शेजारच्या आजोबांवर हसू नका

सिनसिनाटी, ओहायो

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर शेजारच्या आजोबांची गोष्ट सांगितली तेव्हा बाबा, तुम्ही मोठ्यांदा हसलात. "सरकारी विम्याला विरोध करतो आणि त्याच विम्यावर गुडघा बदलून घेतो, काय माणूस आहे!" असं म्हणालात. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. हा माणूस मला इथल्या सगळ्या ओळखीच्यांत तुमच्या सर्वांत जवळचा वाटतो. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

आजोबा चाळीस वर्षं यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, त्यात वर्षानुवर्षांच्या पावत्या. सगळ्यात वर घराचं कर्ज फिटल्याचा बँकेचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी तो काढून दाखवला. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसा. त्यांनी आयुष्यात क्रेडिट कार्ड वापरलेलं नाही. तुमच्या हिशोबाच्या लाल वहीची आठवण आली मला.

असा माणूस २००८-०९ मध्ये टीव्हीसमोर बसून काय बघत होता? आधी ऑक्टोबर २००८ मध्ये बुश यांच्या सरकारने बुडणाऱ्या बँकांसाठी ७०,००० कोटी डॉलर मंजूर केले. मग फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी अर्थव्यवस्था सावरायला आणखी ७८,७०० कोटींचा कायदा केला. अर्थतज्ज्ञ सांगत होते की मंदीत सरकारने हात आखडता घेतला तर बेकारी आणखी वाढेल, आणि मला ते आजही पटतं. पण आजोबांची म्हातारपणाची गुंतवणूक तेव्हा निम्म्यावर आली होती. ते म्हणाले, "मी एकही हप्ता चुकवला नाही. ज्यांनी चुकवले त्यांचं बिल माझ्या नातवाच्या नावावर का?" १५ एप्रिल २००९ ला, कर भरायच्या शेवटच्या दिवशी, देशभर सरकारी खर्चाविरुद्धच्या 'टी पार्टी' चळवळीची निदर्शनं झाली, त्यात तेही फलक घेऊन उभे होते. आयुष्यातला त्यांचा पहिला मोर्चा.

पुढच्या वर्षी, २३ मार्च २०१० ला, ओबामाकेअरचा, म्हणजे जास्तीत जास्त लोकांना आरोग्य विमा मिळावा म्हणून केलेला, कायदा झाला. प्रतिनिधिगृहात तो २१९ विरुद्ध २१२ असा निसटता पास झाला आणि रिपब्लिकनांचं एकही मत त्याला नव्हतं. विमा घेतलाच पाहिजे, नाहीतर दंड, हे कलम आजोबांना सगळ्यात जास्त झोंबलं. ही कल्पना मुळात हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्याच संस्थेने १९८९ मध्ये मांडली होती आणि रिपब्लिकन राज्यपाल रॉम्नी यांनी २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सला ती राबवली होती, हे मी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. पण त्यांच्या रागाला दुसरंही कारण होतं. "तुमचा आत्ताचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील," असं ओबामा पुन्हा पुन्हा म्हणाले होते. २०१३ च्या शरदात लाखो लोकांना त्यांची पॉलिसी बंद होत असल्याची पत्रं आली. आजोबांचा मुलगा प्लंबर आहे, स्वतःचा धंदा. त्यालाही पत्र आलं. दिलेला शब्द मोडला, हे आजोबा विसरलेले नाहीत. आणि बाबा, ते विसरावं असं मला त्यांना सांगताही येत नाही.

आता गुडघ्याचं. ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर हा जो सरकारी विमा आहे, ज्यावर त्यांचा गुडघा बदलला, त्याला आजोबा सरकारी मदत मानतच नाहीत. १९६५ चा तो कायदा, आणि त्यांच्या पगारातून चाळीस वर्षं त्यासाठी कापलेला पैसा. त्यांच्या मनात ती पतपेढीतल्या ठेवीसारखी आहे. हिशोब तसा नाही. पगारातली कपात मुख्यतः हॉस्पिटलच्या खर्चाला जाते. डॉक्टरांची फी आणि औषधं यांचा साधारण पाऊण भार देशाच्या सामान्य तिजोरीवरच पडतो, हप्त्यांतून येतो तो पावच. मी औषधांच्या दुकानात काम करते, या विम्याची बिलं रोज बघते. पण स्वतःच्या घामाचा पैसा आणि दुसऱ्याला फुकट मिळालेला पैसा हा फरक माणसाच्या मनात किती खोल असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे १५०० रुपये सुरू झाले तेव्हा "राज्यावर कर्ज किती आहे, याचा विचार करणार कोण?" असं तुम्हीच म्हणाला होतात. आणि काकांची अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाली. तेव्हा तुम्हाला कुणी हसलं नाही.

म्हणून त्यांची कर्जाची भीती मी खोटी मानत नाही. देशावरचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलंय, आणि २०२४ मध्ये व्याजावरचा खर्च सैन्यावरच्या खर्चापेक्षाही जास्त झाला. ही भीती वाटायलाच हवी.

मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. या भीतीचा आवाज गरिबाच्या औषधाची पाळी आली की चढतो आणि श्रीमंताच्या करकपातीला बसतो. जुलै २०२५ मध्ये रिपब्लिकनांनी जो मोठा कायदा केला, त्यात मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या विम्याला, मोठी कात्री लावली. आणि तरीही संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाच्या हिशोबाने दहा वर्षांत तूट सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरने वाढणार, विमा नसलेले लोक एक कोटीने वाढणार. औषधही काढून घेतलं आणि कर्जही वाढवलं! कर्जाच्या कारणाने आपल्याच पक्षाविरुद्ध मत देणारे अगदी थोडे. त्यांतले मॅसी आणि रँड पॉल हे दोघे खासदार नदीपलीकडच्या केंटकी राज्याचे. त्यांची मतं मला पटत नाहीत, पण त्या वेळी ते शब्दाला जागले.

माझ्या काउंटरवर एक बाई येते. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते, दोन ठिकाणी, दोन्हीकडे अर्धवेळ. ओहायोत मेडिकेडचा विस्तार झाला तो रिपब्लिकन राज्यपाल कॅसिक यांच्यामुळे, स्वतःच्या पक्षाचा विरोध पत्करून. स्वर्गाच्या दारात सरकार किती लहान ठेवलंस ते विचारणार नाहीत, गरिबांसाठी काय केलंस ते विचारतील, अशा अर्थाचं ते बोलले होते. त्या विस्तारामुळे या बाईला इन्सुलिन मिळतं. आता नव्या कायद्याप्रमाणे महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागणार. तास तिचे भरतात. पण एका ठिकाणचा मुकादम वेळापत्रक फोनवरून सांगतो, कागदावर काहीच देत नाही. ती मला विचारत होती, "हा कागद कुठून आणू?" बोलताना इन्सुलिनची पिशवी तिने पोटाशी दोन्ही हातांनी धरली होती.

हे मी आजोबांना कुंपणापाशी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काम करणाऱ्या बाईला विमा नको असं मी कधी म्हटलं नाही." आणि थोड्या वेळाने, "मॅसी बरोबर होता." दोन्ही वाक्यं त्यांनी मनापासून म्हटली.

बाबा, १९९६ मध्ये आजीच्या ऑपरेशनला तुम्ही पतपेढीचं कर्ज काढलंत आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवल्यात. चार वर्षं आपल्या घरी दिवाळीला नवे कपडे आले नाहीत. कर्जाला इतके भिणारे तुम्ही, पण त्या कर्जाबद्दल तुमच्या तोंडून कधी एक शब्द ऐकला नाही. हीच गोष्ट मला आजोबांना सांगायची आहे. त्यांना पोकळ बोलणं आवडत नाही, कागद लागतो. पाटल्या सोडवून आणल्या त्या दिवशीची पावती आई, तुझ्या कपाटात देवाच्या पोथ्यांखाली होती. अजून असेल तर तिचा फोटो पाठव. मराठी त्यांना वाचता येणार नाही, पण शिक्का आणि रक्कम कळेल.

बीपीची गोळी रात्रीची सकाळी ढकलू नकोस.

तुमची लेक