हात लावू का, काकू?

बाळा,

नाव लिहू नको म्हणालास, म्हणून लिहीत नाही. वालचंद कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहेस आणि विश्रामबागेत आमच्या वरच्या खोलीत राहतोस, एवढ्यावरून गल्लीला कळायचं ते कळेलच.

मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा हिशेब सांभाळते. मालकांनी सगळं लिनक्सच्या सर्व्हरवर नेलं आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या नशिबी तो काळा पडदा आला, म्हणजे कमांडी टाइप करायचं टर्मिनल. तासगावच्या सौद्यांचा बॅकअप चालू होता, दीड तास झाला होता. एक ओळ मालकांना पाठवायची म्हणून मी ती निवडली आणि कॉपी करायला कंट्रोल-सी दाबलं. बॅकअप जागच्या जागी मेला. असं महिन्यात तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हे आज पहिल्यांदा सांगतेय.

मदत मागितली नाही असं नाही. एक जण आला, माझ्या हातातून कीबोर्ड ओढला, अॅलाक्रिटी नावाचं दुसरं टर्मिनल टाकलं आणि "सगळ्यात फास्ट आहे" म्हणून निघून गेला. त्यात टॅब नाहीत, सेटिंगला मेनू नाही, सगळं एका फाइलीत लिहायचं. त्याच्या डोळ्यांना चालणारी बारीक करडी अक्षरं माझ्या नशिबी ठेवून गेला. दुसऱ्यानं फोनवरच निकाल दिला, घोस्टी नावाचं टर्मिनल घ्या, डिसेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आलीय, आता सगळे त्यावरच जातायत. माझा बॅकअप का मरतो, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. क्लासवाल्या सरांनी मात्र विचारलं, "काकू, या वयात हे कशाला?"

तू आलास तो स्टूल घेऊन. माझ्या खुर्चीला धक्का न लावता बाजूला बसलास. मी एक कमांड चुकवली, तुझा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. "हात लावू का, काकू?" म्हणालास.

बाळा, दोन वर्षांत माझ्या कीबोर्डला हात लावायच्या आधी कुणी विचारलं नव्हतं. मी "नको, सांग, मी करते" म्हणाले, तर तू खरंच दोन्ही हात मांडीवर ठेवलेस आणि शेवटपर्यंत तसेच ठेवलेस. मी एक-एक अक्षर शोधून टाइप करत होते आणि तू खिडकीबाहेर बघत होतास, म्हणजे मला घाई वाटू नये. ते मला कळत होतं बरं का.

आधी तू माझा दिवस विचारलास आणि मग किटी नावाचं टर्मिनल सुचवलंस. कारणही सांगितलंस. टर्मिनलात कंट्रोल-सी म्हणजे 'थांब', हा अर्थ कॉपीच्याही आधीचा आहे, त्यामुळे चूक माझ्या हाताची नव्हती. किटीत एक ओळ लिहिली की मजकूर निवडलेला असेल तर कॉपी होतं, नसेल तर काम थांबतं. ती ओळ तू माझ्याकडूनच लिहून घेतलीस. मुळात किटी वर सरकून गेलेल्या मागच्या 2000 ओळीच धरून ठेवतं, तो आकडाही वाढवायला लावलास. अक्षर मोठं केलं तेव्हा "अजून एक घर मोठं करा, कोण बघतंय" म्हणालास. आणि किटी लिहिणारे कोविद गोयल हेच कॅलिबरचेही कर्ते, हे ऐकून मला घरचंच माणूस भेटल्यासारखं झालं. माझी ई-पुस्तकं सगळी कॅलिबरमध्येच आहेत.

खोटी आशाही दाखवली नाहीस. टर्मिनल म्हणजे सारख्या चौकोनांची वही, त्यात आपली जोडाक्षरं नीट बसवणं हे जुनं दुखणं, तेव्हा 'ज्ञानेश्वर' कधी फाटलेला दिसला तर घाबरू नका, नाव फाइलीत शाबूत असतं, असं आधीच सांगून ठेवलंस. कामाची माणसं सांगलीत ढिगानं आहेत. आपल्याला किती येतं हे न दाखवता समोरच्याचं काम होऊ देणारी मी बोटावर मोजते.

काल रात्री पूर्ण बॅकअप झाला. मध्ये मी मुद्दाम चार ओळी कॉपी केल्या. छाती धडधडत होती, पण काही मेलं नाही.

पैसे घेतले नाहीस, भडंगाचा पुडा मात्र घेतलास, ते बरं केलंस. आणि छत्री आमच्याच कोपऱ्यात राहिलीय. आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागलंय म्हणतात, तेव्हा आज-उद्या खाली येऊन घेऊन जा. नाहीतर मी वर आणून देते.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू